तिसऱ्या ड्राफ्टमध्ये तो जगतो

माझ्या नवऱ्यावरचा सिनेमा सध्या ‘डेव्हलपमेंटमध्ये’ आहे. या शब्दाची धास्ती मला पुण्यापासूनची. माझ्या माहेरची सोसायटी इतकी वर्षं रीडेव्हलपमेंटमध्ये आहे की आता बोलणी करायला बिल्डरऐवजी बिल्डरचा मुलगा येतो. सिनेमाचंही तसंच असतं, हे मला इथे डब्लिनला आल्यावर कळलं. गोष्ट लिहायची, पैसे लावणाऱ्यांना दाखवायची, त्यांनी नाक मुरडलं की पुन्हा लिहायची. कॅमेरा सुरू होईपर्यंत सगळं हवेतच. त्यातून सिनेमा खऱ्या माणसाच्या आयुष्यावर असेल तर घरच्यांची संमतीही लागते. आमच्याकडे घरचे म्हणजे मी.

सिनेमा निघावा असं माझ्या नवऱ्याने काहीही केलेलं नव्हतं. सांगलीजवळच्या एका गावातला मुलगा, पुण्यात इंजिनियर झाला, तिथेच माझ्याशी लग्न केलं आणि इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायला आला. आम्ही ॲडम्सटाउनमध्ये घर घेतलं. तो रोज सकाळच्या गाडीने ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी परत येऊन गाडीला किती उशीर झाला ते सांगायचा. असे आमच्याकडे गल्लीला दहा आहेत.

फरक पडला तो लेकीमुळे. तिला शाळेतल्या मैत्रिणींसोबत कमोगी खेळायची होती. कमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग. टोकाला चपटी आणि रुंद अशी लाकडी काठी असते, तिला हर्ली म्हणतात. तिने चेंडू जमिनीवरून उचलायचा आणि हवेतच हाणायचा. शनिवारी सकाळी नवरा तिला मैदानावर सोडायला गेला आणि तिथेच उभा राहिला. इथल्या क्लबात नुसतं उभं राहणं धोक्याचं असतं. पहिल्या शनिवारी त्याला कोणीतरी म्हणालं, जरा हे प्लास्टिकचे कोन मांडशील का? त्याने मांडले. पुढच्या शनिवारी शिट्टी हातात दिली. महिन्याभरात तो बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा कोच झाला होता आणि आयुष्यात त्याने हर्ली कधी हातात धरलेली नव्हती.

त्याला येत होता तो विटीदांडू. लहानपणी गावात खेळलेला. विटीच्या टोकावर दांडू मारून ती उडवायची आणि खाली पडायच्या आत टोला हाणायचा. चेंडू उचलून मारायची ती कमोगीतली कसरत पाहून तो घरी येऊन मला म्हणाला, “अगं, हे तर मला येतं!” मी म्हटलं, “तुला काय येतं ते मला माहितीये, आधी तो चिखल बाहेर काढ.”

पण खरंच त्याला ते येत होतं. क्लबातली इतर मंडळी मुलींना चेंडू घेऊन आधी पळायला शिकवायची. याने तीन महिने एका जागी उभं करून फक्त उचल आणि टोला शिकवला. तेही विटीदांडूच्या मोजणीवर. वकट, लेंड, मुंड, नाल. त्या मोजणीत प्रत्येक आकड्याला मारायची वेगळी तऱ्हा असते. त्याने कमोगीत तशा तऱ्हा बसवल्या. लालबुंद गालांच्या, ठिपकेदार नाकांच्या मुली पावसात उभ्या राहून “वकट! लेंड! मुंड!” ओरडताहेत, आणि कुंपणाबाहेरचे आईबाप हा गडी काय मंत्र म्हणवून घेतोय म्हणून बघताहेत. पहिलं वर्षभर त्या प्रत्येक मॅच हरल्या. दुसऱ्या वर्षी हरेनाशा झाल्या. तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात गेल्या.

त्या सामन्याच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, स्टेशनातून ऑफिसकडे चालत जाताना कालव्याच्या काठावर तो कोसळला. सायकलवरून जाणाऱ्या एका मुलीने थांबून त्याची छाती दाबली, ॲम्ब्युलन्स आली, सगळं व्हायचं तसं झालं. मला फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. त्याचं हृदय बंद पडलं होतं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. सकाळी भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून कुरकुरत गेला होता.

सासूबाई येऊ शकल्या नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टच नव्हता. “तिकडं थंडीत माजं काय काम, तुमीच या की,” असं म्हणत त्यांनी तो कधी काढलाच नव्हता. दीर सांगलीला होता, त्यानेही व्हिसासाठी धावाधाव केली, पण दोन दिवसांत काय होणार? शेवटी अंत्यसंस्कार फोनवर दाखवायचे ठरले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने फोन धरला होता. तोही रडत होता आणि दहनाच्या हॉलमध्ये रेंज नव्हती. सासूबाईंना दिसलं ते एवढंच, छताचा एक कोपरा आणि माझ्या कोटाची बाही. मग चित्र थिजलं. त्यांनी पोटच्या मुलाला शेवटचं पाहिलं ते असं, म्हणजे पाहिलंच नाही.

त्या रात्री फोनवर त्या रडल्या नाहीत. नियम सांगत राहिल्या. दिवा कुठे ठेवायचा, घरात फोडणी द्यायची नाही, आणि “धा दिस सुतक हाय. पोरीला उंबऱ्याभायर काडू नगंस.” मी “बरं” म्हटलं. घरात फोडणी देण्याचा प्रश्नच नव्हता. क्लबातल्या बायका रोज सकाळी दाराशी काहीतरी ठेवून जात होत्या. आपल्या सुतकात शेजारपाजारचे जेवण आणतात तसंच, फक्त आमच्या शेजारपाजारच्यांनी खिमा घातलेला लझान्या आणला. त्यांना कोण सांगणार? मी तो फ्रीजरमध्ये ठेवला आणि आम्ही अंड्याची सँडविचेस खाल्ली.

शनिवारी सकाळी मी खाली आले तर लेक दाराशी पूर्ण गणवेशात उभी. हेल्मेट काखेत, हर्ली हातात. तिने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. मी गाडीची किल्ली घेतली.

त्या दिवशी मैदानावर दोन्ही संघांच्या मुलींनी समोरासमोर दोन रांगा केल्या, हर्ल्या उंच धरून टोकं एकमेकींना टेकवली, आणि माझी लेक त्या कमानीखालून एकटी चालत आत गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मॅच झाली. मोठ्या फरकाने हरले आपले. शेवटी लेकीला एक फ्री, म्हणजे कोणी न अडवता मारायचा टोला, मिळाला होता, गोल समोर, सोपा. तिने चेंडू उचलला, मारला, आणि तो गोलच्या बाजूने बाहेर गेला. गाडीत बसल्यावर ती काचेतून बाहेर बघत राहिली. मीही गाडी लगेच सुरू केली नाही.

सांगलीला हे कळवलं नाही. एका म्हाताऱ्या बाईला आणखी एक काटा कशाला? आणि खरं सांगायचं तर भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. मला त्याचा पस्तावा वगैरे काही नाही.

सिनेमावाली बाई आली ती काही महिन्यांनी. तिची मुलगी याच संघात गोलकीपर होती, म्हणून मी तिला तोंडओळखीने ओळखत होते. बारीकशी, सतत गळ्यात मफलर, स्वतःच लिहिते आणि स्वतःच निर्मिती करते. त्याआधी तिने दोन छोटे सिनेमे केले होते. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिने दोन कप चहा घेतला, माझ्या नवऱ्याबद्दल बोलली आणि रडली. मी नाही रडले. मला तेव्हा दुसऱ्यांना रडताना पाहिलं की राग यायचा, माझ्या वाटचं कोणीतरी उचलून नेतंय असा. ती म्हणाली, त्याची गोष्ट मला सांगू दे. मी मनात नाहीच म्हटलं होतं.

रविवारी फोनवर सहज सासूबाईंना सांगितलं. त्या तोवर जेवणावरून उठल्यातच जमा होत्या. दीर सांगायचा, अर्धी भाकरी ताटात राहते. त्या म्हणाल्या, “मंजी त्यो चालता-बोलता दिसंल?”

“तो नाही आई, त्याचं सोंग घेतलेला नट दिसेल.”

“पर चालंल-बोलंल न्हवं?”

“हो.”

“मग करा म्हणावं.”

पुढच्या आठवड्यात दीर म्हणाला की आईने गावभर सांगितलंय, माझ्या लेकाचा शिनेमा निघतोय. आणि जेवतेय. मग मी बाईला फोन करून होकार दिला. कच्चा होकार. पक्का, सही करून द्यायचा, तो शेवटचा ड्राफ्ट वाचल्यावर.

पहिला ड्राफ्ट वाचून मी असा काही भडकले की तो बाईच्याच अंगावर फेकावासा वाटला. त्यात माझा नवरा मॅचआधी डोळे मिटून प्रार्थना करत होता. अरे, तो मॅचआधी केळं खायचा आणि पार्किंगवरून कोणाशी तरी हुज्जत घालायचा! त्यात तो आपल्या आईला फोनवर “नमस्ते” म्हणत होता. मी बाईला विचारलं, तू तुझ्या आईला फोनवर गुड इव्हनिंग मॅडम म्हणतेस का? आणि मी, म्हणजे त्या सिनेमातली बायको, आधी खेळाला विरोध करते आणि शेवटी साडी नेसून मैदानात येते. मी दर शनिवारी त्या मैदानावर रेनकोट घालून थर्मास धरून उभी राहिलेली बाई. विरोध करायला मला जाग तरी आलेली असायला हवी ना.

बाई सगळं ऐकून घ्यायची. “ग्रँड,” म्हणायची, म्हणजे इथलं ‘बरं’, आणि लिहून घ्यायची. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये नमस्ते गेलं, साडी गेली, पण नवऱ्याची नोकरी बदलली. तो बस ड्रायव्हर झाला होता. कारण विचारलं तर म्हणे, संगणकासमोर बसलेला माणूस पडद्यावर दिसतो कसा? नुसता बसलेला. मलाही तो नेहमी तसाच दिसायचा. पण या दोन्ही ड्राफ्टमध्ये मरण होतं, कमान होती, हरलेली मॅच होती. दर वेळी सासूबाईंना गोष्ट सांगताना तो कोसळतो तिथे मी थांबायचे आणि “पुढचं अजून लिहायचंय” म्हणायचे.

तिसरा ड्राफ्ट आला तेव्हा बाईने आधी फोन केला. तिचा आवाज जरा पडलेला होता. पैसे लावणाऱ्यांचं म्हणणं होतं की लोक पोराबाळांना घेऊन खेळाचा सिनेमा बघायला येतात, त्यांना रडवून घरी पाठवायचं नाही. म्हणून शेवट बदललाय. तू वाच, मग बोलू. काही घाई नाही. इथले लोक काही घाई नाही म्हणाले की समजावं, घाई आहे.

तिसऱ्या ड्राफ्टमध्ये तो कोसळतो आणि वाचतो. सायकलवाल्या मुलीने छाती दाबल्यावर श्वास परत येतो. शनिवारी तो हॉस्पिटलातून कोणाला न सांगता निघतो आणि मॅच अर्धी झाली असताना मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो. मुली त्याला बघतात. शेवटचा फ्री लेक मारते, गोल होतो, जिंकतात. मग शेवटचं एक पान आहे, एका वर्षानंतरचं. आमचं स्वयंपाकघर. तो चिखलाचे बूट घालून आत येतो, मी त्याला ओरडते, तो चहा मागतो, मी म्हणते तूच कर. तो करायला लागतो. साखर सापडत नाही. मी म्हणते, प्रेसमध्ये, डावीकडे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तो म्हणतो, इतकी वर्षं झाली तरी मला प्रेस म्हटलं की इस्त्रीच आठवते. बस. सिनेमा संपला.

आधीच्या दोन ड्राफ्टवर मी पानोपानी लाल पेनाने रेघा मारल्या होत्या. त्या पानावर मला एकही चूक सापडली नाही. ते पान बाईला कसं जमलं देव जाणे, चहा प्यायला येऊन तिने आम्हाला इतकं कधी पाहिलं होतं? मी ते पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं. मला तो हवा होता. सिनेमात तर सिनेमात, खोटा तर खोटा, चिखलाच्या बुटांनी तो माझ्या घरात परत यायला हवा होता. सही करायला मी पेन शोधायला लागले.

लेकीने तो ड्राफ्ट माझ्याआधीच वाचला होता, हे मला जेवताना कळलं. पंधरा वर्षांची झालीय आता. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही शेजारच्या लूकन गावातल्या मुलींसारखं गाण्यातून बोलल्यासारखं. ती म्हणाली, “सही करणार आहेस?”

मी म्हटलं, “आजीला आवडेल.”

“बाबा जगले,” ती म्हणाली, “तर त्या दिवशी मी काहीच केलं नाही. मग ती नुसती एक मॅच. आणि जिंकली म्हणे. मी तो फ्री चुकवला, आई. तो मी चुकवलाय.” आणि ताट तसंच ठेवून वर गेली.

सासूबाईंना रविवारी तिसरा ड्राफ्ट सांगितला, तेव्हा मात्र मी कुठेही थांबले नाही. शेवटपर्यंत सांगितला. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. मी भीत भीत म्हटलं, “पण आई, हे खरं नाही ना. लोक म्हणतील...”

“लोकांच्या बाचं काय जातंय?” त्या एकदम तापल्या. “म्या त्येला मेलेला बगितला का? न्हाय न्हवं? माज्या लेखी त्यो तिकडं गेला त्यो गेलाच हाय, हापिसात. मग मला कशापायी दावायचा मेलेला? जिता हाय तर जिता ऱ्हाऊ दे.”

मला हेही दिसत होतं की तिसऱ्या ड्राफ्टमध्ये सुतक नाही. माणूस जिवंत असला की सुतक कुठलं, आणि सुतक नाही म्हणजे पोरगी सुतकात खेळली हे कधी आजीच्या कानावर जायला नको. सगळं कसं बसत होतं. फक्त वर खोलीत दार लावून बसलेली मुलगी त्यात बसत नव्हती.

सही करण्याआधी एकदा वाचन ऐक, असं बाई म्हणाली. सिनेमा ठरवण्याआधी इथे नट एका टेबलाभोवती बसून अख्खी गोष्ट मोठ्याने वाचतात. पैसे लावणारेही येऊन ऐकतात. बाईने ते वाचन मुद्दाम क्लबच्या हॉलमध्ये ठेवलं होतं, शनिवारी दुपारी. मी लेकीला म्हटलं, यायलाच हवं असं नाही. ती आली. सासूबाईंनाही ऐकायचंच होतं. दिराने त्यांना फोन लावून दिला, मी तो समोर टेकवून ठेवला आणि कानात सांगितल्यासारखं हळू आवाजात एकेक वाक्य मराठीत करून सांगायला लागले. तिकडे संध्याकाळ झालेली. सासूबाई नवी इरकल नेसून, केस नीट विंचरून बसल्या होत्या.

नवऱ्याचं काम करणारा मुलगा लंडनकडचा, उंच, दाट केसांचा. माझ्या नवऱ्याला तिशीतच टक्कल पडायला लागलं होतं. पण वाचायला लागला आणि मी केस विसरले. वकट, लेंड, मुंड तो बरोबर म्हणाला. सासूबाई तिकडून पुटपुटल्या, “नाल.” मग कालवा आला. तो कोसळला. मला वाटलं होतं मला तिथे जड जाईल, पण पुढे तो वाचणार आहे हे ठाऊक असल्यामुळे मी ते सहज सांगून टाकलं, शेजारणीच्या आजारपणाबद्दल सांगावं तसं. हॉस्पिटलमध्ये त्याने डोळे उघडले. त्याने आईला फोन लावला. नट म्हणाला, मी ठीक आहे, काळजी करू नकोस, जेवलीस का? ते मी मराठीत केलं. “आई, मी बरा आहे. जेवलीस का?”

“व्हय रं बाळा,” सासूबाई म्हणाल्या. मला नाही, त्यालाच.

मी पुढे सांगत राहिले, शनिवार, मैदान, तो हॉस्पिटलातून निघाला. तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला, असं मी म्हणाले, आणि शेजारून लेकीने हात लांब करून फोन स्वतःकडे वळवला.

“आजी,” ती म्हणाली. टेबलाभोवतीचं वाचन थांबलं. “आजी, बाबा नव्हते. बाबा आले नाही मॅचला. बाबा मेले होते. मंगळवारला.” तिचं मराठी अडखळत होतं, शब्द शोधून शोधून येत होते. “मी खेळली. शनिवारला. तू नको म्हणालीस तरी मी गेली. आईने नेलं. सगळ्यांनी स्टिक अशी वर केली, आणि मी मधून गेली. मला बॉल दिला शेवटी. मी चुकवला. आम्ही हरलो, आजी.”

मी डोळे मिटून घेतले. आता सुतकावरून काय ऐकावं लागेल ते मला माहीत होतं, आणि ते परक्या माणसांसमोर, फोनच्या मोठ्या आवाजात.

फोन बंद पडला की काय म्हणून मी पाहिलं. सासूबाई पडद्याच्या फार जवळ आल्या होत्या.

“एकलीच गेलीस आत?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“भ्या वाटलं न्हाय?”

“वाटलं.”

“रडलीस?”

“नाही. मॅच होती ना.”

“आन मॅच झाल्याव?”

लेकीने मान हलवली. त्या तिला बघत होत्या. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण आवाज पदराबाहेर आला. इतक्या दिवसांचा. गावाकडे बायका दारात प्रेत ठेवलेलं असताना रडतात तो आवाज. टेबलाभोवतीच्या कोणालाही शब्द कळत नव्हता, पण उंच नटाने हातातली पानं खाली ठेवली, आणि पैसे लावणाऱ्यांपैकी एक बाई उठून खिडकीशी गेली. दीर तिकडे “आई, आई” करत होता. आमच्या घरात माझ्या नवऱ्यासाठी कोणी असं रडलंच नव्हतं. मी नाही, लेक नाही, त्याही नाहीत.

हळूहळू तो आवाज ओसरला. त्यांनी नाक पुसलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“पोरी,” त्या लेकीला म्हणाल्या, “तुजा बा मेला आन तू उबी ऱ्हायलीस. ह्ये दावायला नगं?” मग मला हाक मारली. “आगं ऐक. त्या बाईला सांग म्हणावं, मरू दे त्येला. पोरीला खेळू दे.”

सिनेमावाली बाई माझ्याकडे बघत होती. “काय म्हणाल्या?” तिने हळूच विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी तास-दीडतास त्याला मराठीत जिवंत करत बसले होते. एकदाही अडले नव्हते. आता मला एवढंसं वाक्य इंग्रजीत करायचं होतं आणि ते तोंडातून निघेना. डोळ्यासमोर ते शेवटचं पान होतं, साखर, प्रेस, डावीकडे. लेक माझ्याकडे बघत नव्हती, ती आजीकडे बघत होती.

“त्या म्हणतात,” मी म्हणाले, “त्याला मरू द्या.”

आणि बाईने ते लिहून घेतलं.